हसून उभं राहायचं

नाही, पण मग दोघांना दोन वेगळ्या गाड्यांत का नेलं? एवढं एकच विचारतोय मी सगळ्यांना — मोठ्या साहेबाला विचारलं, गेटवरच्या शिपायाला विचारलं, आग विझवायला आलेल्यांना विचारलं, त्यातला एक तर माझ्याच वर्गातला, चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला — तोही म्हणाला, सोड ना आता. सोड काय सोड? सापडले एका जागी, त्याच्या मुठीत हिचं मनगट, सोडवायला दोन माणसं लागली, आणि बाहेर आणल्यावर एक या गाडीत, एक त्या गाडीत. तो पांढऱ्या गाडीत, वर लाल दिवा, भोंगा वाजवत. आणि ती आमच्या मालाच्या गाडीत. ज्या गाडीत मी रोज खोकी चढवतो, तीत. का? तुम्ही सांगा. तुम्ही बाप आहात तिचे, तुम्हाला विचारायला नको? — मान हलवतो. बघा, नुसती मान हलवतो. अहो, हो म्हणताय की नाही म्हणताय?

बसा, बसा. उठू नका. दुभाषीबाई शिक्के मारून आणायला गेल्यात, येतील. तोवर दोघं बोलत बसा म्हणाल्या. बोलत बसा! तुम्हाला आमच्या भाषेतलं पाणी कळत नाही, मला तुमच्या भाषेतली आग कळत नाही — बोलत बसा म्हणे. बरंय एका अर्थी. भिंतीशी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पोरगं कामातून गेलं. तुमच्याशी बोलतोय तर म्हणतील, बिचारा, एवढ्या दुःखात पाहुण्याला सोबत करतोय. चहा घ्या. मशीनचा आहे, गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलीय. आणि हे बूट कुणाचे हो? तुमचे नाहीत, टाचेत बोट जाईल एवढे मोठे आहेत. मुलीला न्यायला आलात ते उसने बूट घालून. — हसला! मी तोंडावर बोलतोय आणि हा हसतोय. तुमच्याकडेही शिकवतात वाटतं, समोरचा काहीही बोलला तरी हसायचं.

मी कोण, ते तरी सांगितलं का कुणी तुम्हाला? तुम्हाला सांगितलं असणार, हा दुसऱ्या एका मयत कामगाराचा भाऊ, माणुसकी म्हणून भेटायला आलाय. मयत कामगार! अहो, नवरा होता तो तिचा. माझा दादा. तुमचा जावई. तुम्ही आमच्या आईचे व्याही लागता, व्याहीबुवा, आणि आई तुमची विहीण — ती आली नाही, येणारही नाही, तुमच्या मुलीला तिने शेवटपर्यंत सून म्हटलं नाही तर तुम्हाला काय व्याही म्हणणार. मी म्हणतो. मला मजा वाटते. व्याहीबुवा, मानपानात काही कमी पडलं तर सांगा हं. — तुम्हाला लग्नाचं माहीत नाही, हे मला माहीत आहे. तिने सांगितलंच नव्हतं. तिकडे तुम्ही तिच्यासाठी कुणीतरी बघून ठेवला होता म्हणे, दुकानवाला का काय. इथे साहेबालाही माहीत नाही. बाहेरून आलेल्यांच्या करारात लिहिलेलं असतं, लग्न नाही, पोर नाही, केलंत तर पहिल्या विमानाने परत. दादाने वाचून दाखवलं होतं, मला कुठे येतंय एवढं बारीक वाचायला. आमच्या खोलीतच केलं लग्न. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि साक्षीला मी. मी पण काय, एक डोळा टीव्हीवर.

कसं जमलं विचारा ना. विचाराल कसे म्हणा, मीच सांगतो. इथे प्रवासाच्या बॅगा होतात, चाकांच्या, कडक पाठीच्या, विमानतळावर लोक ओढत नेतात त्या. इथल्या एका माणसाकडे तसली बॅग नाही, ते जाऊ द्या. दादा अस्तराच्या रांगेला. बॅगेच्या आतून कापड चिकटवायचं, सोल्यूशन लावून, कोपऱ्यात सुरकुती पडली की बॅग बाद. आणि रांगेत माणसं कशी उभी करायची — तर एका भाषेची दोन शेजारी नाहीत. मुकादम रोज सकाळी बोटाने दाखवायचा, तू इथं, तू तिथं, तू नाही, तू त्याच्या पलीकडे. आम्ही म्हणायचो, आला सोंगट्या मांडायला. आमच्यातला एक, मग तुमच्याकडची एक, मग तिसऱ्याच मुलखाचा, मग आणखी कुठला. शेजाऱ्याचं शेजाऱ्याला कळलं नाही की गप्पा नाहीत, गप्पा नाहीत की हात चालतात, आणि मुख्य म्हणजे चार डोकी एक होऊन साहेबाच्या केबिनपुढे उभी राहत नाहीत. आणि पाहुणे आले, माल घेणारे, परदेशातले, की साहेब हेच फिरवून सांगायचा — बघा, आमच्याकडे आपला-परका नाही, सगळे देश खांद्याला खांदा लावून. पाहुणे टाळ्या वाजवायचे. तो बघा ना, समोर भिंतीवर. मोठा फोटो. पाच तोंडं, पाचही वेगळ्या रंगाची. मधली कोण ते ओळखलंत मघाशीच, मी बघत होतो तुमच्याकडे. तिच्या शेजारचा दादा. खाली लिहिलंय ते त्या पाहुण्यांच्या भाषेत आहे. साहेब म्हणतो त्याचा अर्थ, जग हेच आमचं घर. घर! अख्खा विभाग जळाला आणि हा फोटो बघा, काचेला तडासुद्धा नाही.

तर सोंगट्या. मुकादमाने एक सोंगटी इथे ठेवली, एक तिथे, आणि झालं लग्न! बोलता येत नव्हतं दोघांना. कित्येक महिने एक शब्द नाही. मुकादमाची पाठ वळली की दादा तिच्या बॅगेचा अवघड कोपरा दाबून द्यायचा, आणि तिने हनुवटीने असं केलं की समजायचं, कापड संपलं, दे. संध्याकाळी घरी येऊन आम्हाला सांगायचा, आज ती असं म्हणाली. आई म्हणायची, कुठल्या तोंडाने म्हणाली? तुला काय कळतंय तिचं? तर हा म्हणतो, कळतं. पुढे शिकला थोडं. तीही शिकली आमचं, मोडकंतोडकं. मला म्हणाला होता, आमचं भांडण झालं तरी कोण कुणाला काय म्हणालं ते दुसऱ्या दिवशी कळतं, तोवर राग गेलेला असतो — सगळ्यांनी अशीच लग्नं करायला हवीत. असा होता. हसवायचा. तुम्हाला आवडला असता. नसता आवडला. कुणाला आवडतो जावई, आपल्याला न विचारता केलेला.

मला नाही आवडली तुमची मुलगी. स्पष्ट सांगतो. मी तिला काय शिकवलं माहीत आहे? जेवण झाल्यावर घरातल्या मोठ्या बाईला 'मर मेले' म्हणायचं, आमच्यात तशी रीत आहे, असं शिकवलं. तिने पहिल्यांदा आईच्या हातचं खाल्लं आणि अशी मान झुकवून, गोड आवाजात, "मर मेले." आईचा चेहरा! दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ती मात्र बोलली. हसलीसुद्धा, तोंडावर हात ठेवून, नंतर कळल्यावर. मला त्याचाच राग यायचा. हसते काय? — आणि एकट्या तिचा राग नव्हता हो, तुम्हा सगळ्यांचाच. तुमची माणसं आली आणि आमची हजेरी, म्हणजे दिवसाचा पगार, खाली आली. पूर्वी मुकादम आमच्या दारात यायचा, चल रे कामाला. नंतर आम्ही त्याच्या दारात. काही बोललं की म्हणायचा, तुझ्या जागी आणखी तीन बसमधून उतरतायत. मग कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी बदलली, आमचं नाव खाली गेलं, तुमचं वर. आम्ही पोरं रात्री त्या पाटीवर दगड मारायचो. मी पण. आता तुमच्यापासून काय लपवायचं. आणि गंमत ऐका, माझा मामेभाऊ तिसऱ्याच देशात गेलाय, तिथे तो तुम्ही. तिथली पोरं त्याच्या दुकानाच्या पाटीला दगड मारतात. मामीने रडत रडत सांगितलं, अरे काय तिथली माणसं, दगडाच्या काळजाची. मी म्हटलं, हो ना, मामी.

आता ऐका. हे नीट ऐका, नाहीतर नका ऐकू. आगीचा भोंगा बाहेरून आलेला, तयार, खोक्यात बंद. त्यात एक बाई बोलते. गोड आवाज, बाळाला झोपवत असल्यासारखा. भाषा ती त्यांची, जिथे माल जातो तिथली. आमच्यातल्या कुणाला येत नाही, तुमच्यातल्या कुणाला येत नाही. तीच बाई जेवणाच्या सुट्टीला बोलायची, तीच पाळी सुटताना, तीच पाहुणे आले की. आम्ही तिला गोड बाई म्हणायचो — गोड बाई बोलली रे, चला जेवायला. शब्द कुणाला कळत होते? जेवणाचं आणि सुटीचं वेळेवरून कळायचं. त्याच्या मधे कधी बोलली, तर समजायचं पाहुणे. आणि पाहुणे आले की काय करायचं, हे सगळ्यांना पाठ. हातातलं खाली ठेवायचं. एप्रन सरळ करायचा. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. जागा सोडायची नाही, सोडली तर दिवस कापला. आणि हसून उभं राहायचं. मुकादम स्वतःच्या तोंडाला दोन बोटं लावून दाखवायचा, असं, कोपरे वर, दात दिसले पाहिजेत, पण सगळे नाहीत.

त्या दिवशी पाहुणे येणारच होते. सोल्यूशनच्या खोलीत काय झालं कुणास ठाऊक, वायर म्हणतात. गोड बाई बोलली. रांगेतल्या सगळ्यांनी एप्रन सरळ केले आणि हसून उभे राहिले. परत बोलली. परत. परत. चाकं बसवणारा एक आहे आमच्यातला, तेवढाच बाहेर आला त्या टोकाचा, तो म्हणतो, आम्हाला वाटलं आज फारच मोठे पाहुणे असणार, एवढ्या वेळा बोलतेय. अहो, सोल्यूशनचा वास तिथे रोजचाच, नाकं मेलेली सगळ्यांची. धूर छताला लागून येत होता आणि खाली सगळी रांग हसून उभी. एखाद्याला वाटलंही असेल हे काहीतरी वेगळं आहे, पण विचारणार कुणाला? शेजारी सोंगटी वेगळ्या घरातली. — मला विचारा मी कुठे होतो. मी मागच्या आवारात. आम्हा हमालांनी पाहुण्यांना दिसायचं नसतं, आम्ही फोटोतले नाही. बाई बोलली तसा मी ट्रकच्या मागे जाऊन बसलो सिगरेट ओढत. परत बोलली तर मी म्हटलं, बोल गं बाई, बोल, तेवढीच आणखी एक ओढून होईल. असं म्हटलं मी. हसलो पण. ट्रकमागे. मला कुणी बघत नसताना.

मग लाइट गेले आणि सगळे धावले. आमच्या लोकांचं दार रस्त्याकडे, ते उघडं होतं. तुमच्या लोकांचं दार हॉस्टेलच्या आवारात उघडतं, त्याला बाहेरून कडी, पाळी सुटल्यावर काढतात — पळून जाल म्हणून. कुठे पळणार होतात हो? दादाला आमचं दार पाठ, डोळे मिटून गेला असता. तिला ओढत होता. चाकवाल्याने पाहिलं. आणि तुमची मुलगी मागे ओढत होती. का, तर तिच्या मुलखाच्या तिघी-चौघी त्या कडीच्या दाराकडे धावल्या होत्या, त्यांना हाका मारत होती, इकडे या, इकडे या. तिच्याशिवाय कुणाच्या हाका कळणार होत्या त्यांना? तो दाराकडे, ती आत. तो दाराकडे, ती आत. हात सोडायचा ना त्याने! दारापासून किती, या बाकापासून त्या फोटोपर्यंत असेल. सोडायचा हात. मी सोडला असता. मी शंभरदा सोडला तो हात या दिवसांत, अंथरुणात पडल्या पडल्या. — तुमच्या मुलीने मारलं माझ्या दादाला. कळलं? मा-र-लं. — हं, हलवा मान. पुसा डोळे. घ्या हा रुमाल, माझा आहे, धुतलेला नाही.

आणि तुम्हाला एक बातमी देतो, आनंदाची. कारखाना हलणार. इथे आता बोभाटा झाला, चौकशी, वर्तमानपत्रवाले, हजेरी वाढवा म्हणतायत. यंत्रं जाणार खोक्यांत, गोड बाईसुद्धा, आणि ती खोकी मीच चढवणार. कुठे जाणार, विचारा! तुमच्याकडे. तुमच्या मुलखात जमीन घेतलीय म्हणतात, स्वस्तात. म्हणजे बघा, मुलीला इकडे पाठवायची तुम्ही घाईच केलीत, व्याहीबुवा. जरा दम धरला असतात तर कारखानाच तुमच्या दारात आला असता. घरून डबा घेऊन गेली असती. तिथे आता तुम्ही आतले, आणि बाहेरून आणखी कुणी येईल, त्यांना मागचं दार. तुमची पोरं पाटीला दगड मारतील. शिकवायला लागत नाही, आपोआप येतं.

तुम्ही हात का धरलाय माझा? सोडा. कुणी बघितलं तर — बरं, असू दे. धरा. तुमचा हात पण काय, खरखरीत, मातीच्या पाट्या उचलल्यासारखा.

एक सांगू? सांगतोच, तुम्हाला कुठे कळतंय. एक मुलगी आहे. त्यांची. अजून तीन पुरी नाही. कुठेच लिहिलेली नाही ती, ना इथे, ना तुमच्याकडे. तुमच्या मुलीने पोट बांधून एप्रनखाली काम केलं, दादा म्हणायचा, बॅगेच्या आत आणखी एक बॅग निघते तसं आहे आमचं. मग आजाराची रजा काढली, आमच्या खोलीत बाळंत झाली, आणि परत रांगेला. पोरगी आमच्याकडे. तुमची मुलगी संध्याकाळी तासभर यायची, हॉस्टेलचं दार बंद व्हायच्या आत. हॉस्टेलमध्ये ज्यांना माहीत होतं त्या तिघी-चौघी त्याच दाराशी गेल्या. त्यामुळे आता आई, मी आणि तुम्ही. एवढ्यांनाच माहीत. तुम्हाला माहीत झालं बघा, आत्ताच सांगितलं!

नाक दादाचं आहे. कपाळ तुमचं. मघाशी तुम्ही दारातून आलात ना, मला घामच फुटला. दुभाषीबाईने कपाळ बघितलं असतं तर. — आई तिला बघते. आईचं म्हणणं, हे बाहेरचं वळण आत्ताच मोडलं पाहिजे, नाहीतर पोरीला कुणी आपलं म्हणणार नाही. बरोबरच आहे ना? तुमच्या भाषेतला आवाज काढला की आई ताट मागे घेते. आमच्या भाषेत मागितलं की पुढे करते. पोर हुशार आहे. पाणी आलं तिला, जेवण आलं, चप्पल, शी, दार, सगळं आमचं यायला लागलंय. आई म्हणते, बघ, जिरतंय. एक शब्द तेवढा राहिलाय. तो काही जात नाही. मी कामावरून आलो की कोपऱ्यात उभी राहते, हात पाठीमागे, आणि हळूच म्हणते. पहिल्यांदा माझी पँट धरून म्हणायची, आईने बोटं सोडवली दोनदा-चारदा, तेव्हापासून लांबूनच. आम्ही पाणी दिलं, पाणी नको. खायला दिलं, ते नको. बाहुली आणली मी, टाकून दिली. मग वाटलं, आईलाच हाक मारतेय मेलेल्या, आणि माझं डोकं फिरलं. एक चापट दिली. हळूच. म्हणजे गाल दुसऱ्या दिवशी सुजला होता, पण दिली हळूच. तरी म्हणते. आता आवाज करत नाही, नुसते ओठ.

दुभाषीबाईला विचारलं असतं, पण ती विचारेल, कुठे ऐकलास? तुम्हाला विचारून काय उपयोग, तुम्ही सांगाल तुमच्या भाषेत. — थांबा. म्हणून दाखवू? म्हणतोच. तिच्याच सुरात म्हणतो. ऐका.

हं. म्हटलं.

काय झालं? का असे बघताय? चुकलं का माझं? परत म्हणू? परत म्हणतो — हं. — अरे, रडू नका, रडू नका मोठ्याने, शिपाई बघतोय. काय करताय? टोपी का बाजूला ठेवलीत? हे काय, गुडघे जवळ घेतले, आणि हे — मांडीवर थाप का मारताय? ये? ये म्हणताय? मी? मांडीवर?

मांडी.

मांडीवर घे. असं म्हणतेय ती?

एवढंच?

पण ते तर आमच्या भाषेतही — तिला ते आमच्या भाषेत का नाही येत? बाकीचं सगळं येतं. पाणी येतं, चप्पल येते... कोण म्हणणार तिच्यासमोर. आमच्या घरात कुणी घेतलंच नाही तिला. आई भरवते समोर बसवून. मी... माझे हात खोक्यांचे, ट्रकचे. कुणी म्हटलंच नाही तो शब्द, तर ती शिकणार कुठून.

काय? काय दाखवताय? जमिनीपासून एवढी? कोण एवढी? नाही, एवढी कोणी नाही! कोणी नाही, ऐकताय ना, मी आत्ता सांगितलं ते तुम्हाला कळलंच नाहीये, तुम्हाला काही कळत नाही — हां. हां, ती. तुमची मुलगी. ती एवढी होती तेव्हा म्हणायची. हो, हो. बरोबर. तिचंच. तिनेच शिकवलं मला. हसा. मी पण हसतो, बघा, असं, कोपरे वर.

या बाई, या. झाले शिक्के? बसलो होतो आम्ही, बोलत. मी काय बोलणार, आपली सोबत. काय म्हणतायत ते? — शब्द? कुठला शब्द? तो होय, तो अस्तराच्या रांगेत त्या बायका आपापसात म्हणायच्या, कानावर पडला असेल, मला अर्थबिर्थ नाही माहीत. आमच्या दादाच्या शेजारीच असायची ना यांची मुलगी. चांगली होती म्हणावं. कष्टाळू. — आणखी काय विचारतायत? मागे काही राहिलंय का तिचं?

एक मिनिट हं, बाई. डोळ्यात काहीतरी गेलं. या खोलीत अजून राख उडते, रंग दिला तरी.

दादा आणि ती गेल्यापासून मी त्यांच्यासाठी काही केलेलं नाही, बाई. काहीच नाही. दादाला पोहोचवलं तेव्हासुद्धा मी आत गेलो नाही, बाहेर उभा होतो. त्यामुळे मला नीट सांगू द्या. तुम्ही आहे तसं सांगा त्यांना. काही राहिलेलं नाही मागे. कोणी नाही. तिचं इथे कोणी नव्हतं. एकटीच होती. — सांगा ना. सांगितलंत? कोणी नाही म्हणून?

मग ते आभार कसले मानतायत? — मी एवढा वेळ त्यांच्याशी बोलत बसलो म्हणून? इथे आल्यापासून दुसरं कुणी बोललं नाही म्हणून?

बरं. ठीक आहे म्हणावं. गाडी लागलीय त्यांची, उठा म्हणावं आता. आणि हात काढायला सांगा, बाई. माझ्या तोंडावरून हात काढायला सांगा त्यांना.